‘वायफाय उपलब्ध’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रवासात राहून ऑफिसचे काम करणाऱ्यांसाठी शहरोशहरीच्या कॅफेंच्या याद्या हल्ली पुरवण्यांमध्ये वरचेवर येतात. सजावट कशी, कॉफी कशी, बाहेर बसायची सोय आहे का, हे सगळे त्यांत असते आणि शेवटी ‘वायफाय उपलब्ध’ असे दोन शब्द. ज्याला अनोळखी शहरात, अनोळखी टेबलावरून ठरल्या वेळी बैठकीला हजर व्हायचे आहे, त्याला या दोन शब्दांचा काडीचाही उपयोग नाही. यादीत काय असायला हवे आणि ते नसेल तर प्रवाशाने स्वतः काय तपासून घ्यावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सर्वात जास्त फसगत होते ती इंटरनेटच्या बाबतीत. स्पीड टेस्टवर १०० एमबीपीएस दिसले की माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा डाउनलोडचा असतो. व्हिडिओ कॉलला एवढा वेग लागतच नाही. दोन्ही दिशांना ३ ते ४ एमबीपीएस सलग मिळाले तरी कॉल उत्तम चालतो. अडते ते अपलोडपाशी. अनेक जोडण्यांत अपलोडचा वेग डाउनलोडच्या तुलनेत फारच कमी असतो आणि जो असतो तो सगळ्या गिऱ्हाइकांत वाटला जातो. पलीकडच्या टेबलावरच्या फोनने दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की राउटरमध्ये डेटाच्या पाकिटांची रांग लागते आणि आपला आवाज त्या रांगेत मागे अडकतो. वेग भरपूर दिसत असूनही कॉल तुटतो, तो यामुळे. या दोषाला बफरब्लोट म्हणतात आणि साध्या स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही.

तो पकडायची रीत सोपी आहे. लॅपटॉपवर एका खिडकीत पिंग (छोटे पाकीट पाठवून ते जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी आज्ञा) सलग चालू ठेवावे आणि दुसऱ्या खिडकीत स्पीड टेस्ट लावावी. नजर पिंगवर ठेवावी, विशेषतः अपलोडची चाचणी सुरू असताना. एरवी २०-३० मिलिसेकंद दाखवणारे पिंग त्या वेळी ३००-४०० वर जात असेल, तर तिथे ईमेल आणि लिखाण होईल, बैठक होणार नाही. त्यानंतर नुसते पिंग शंभर वेळा जाऊ द्यावे. एखादे पाकीट हरवले तर फारसे बिघडत नाही. तीन-चार हरवली तर समोरच्याला आपली वाक्ये तुटक ऐकू जाणार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषण सहज वाटण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. सहकारी दुसऱ्या खंडात असतील तर त्यातला बराचसा हिस्सा अंतरातच खर्च होतो. म्हणून कॅफेच्या जोडणीने त्यात आणखी भर घालता कामा नये.

जोडणी चांगली असूनही टेबल चुकते ते वेगळेच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. दाट वस्तीत आजूबाजूच्या सगळ्या दुकानांची नेटवर्के त्यांतच कोंबलेली असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच पट्ट्यात चालतो. स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या माणसाचा कॉल ठरावीक वेळाने अडखळत असेल, तर आधी संशय त्या ओव्हनचा घ्यावा. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा भरपूर, पण भिंत मध्ये आली की तो लवकर दुबळा होतो. त्यामुळे एकाच कॅफेची दोन नेटवर्के दिसली तर ५चे निवडावे आणि जिथून राउटर किंवा छताला लावलेला वायफायचा डबा सरळ नजरेस पडतो, ते टेबल धरावे.

आणखी एक अडचण नेहमीची आहे. वायफाय जोडले गेले असे दिसते, पण काहीच उघडत नाही. अशा ठिकाणी आधी लॉगिनचे पान भरावे लागते आणि व्हीपीएन (आपली सगळी वाहतूक कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध करून नेणारी सेवा) किंवा खासगी डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी आपण निवडलेली सेवा) चालू असेल तर ते पान समोर येत नाही. हे पान दाखवण्यासाठी कॅफेची यंत्रणा आपली पहिली मागणी मध्येच अडवून वळवते. कूटबद्ध जोडणी तिला अशी वळवता येत नाही. म्हणून व्हीपीएन बंद करावे, डीएनएस स्वयंचलितवर आणावे, ज्याच्या पत्त्यात एचटीटीपीएस नाही असे एखादे साधे संकेतस्थळ उघडावे, लॉगिन करावे आणि मग व्हीपीएन परत चालू करावे. या लॉगिनला बहुधा मुदत असते आणि ती संपली की जोडणी न सांगता तुटते. बैठकीच्या दहा मिनिटे आधी वायफाय तोडून नव्याने लॉगिन करून घेतले की हा धोका टळतो. काही उपकरणे नेटवर्कला दाखवायची आपली ओळख अधूनमधून बदलतात, त्यामुळेही लॉगिन परत मागितले जाते. तो पर्याय त्या नेटवर्कपुरता बंद करता येतो.

कॅफे कितीही चांगला असो, फोनचा डेटा हाताशी हवाच. मात्र सिग्नल टेबलापाशी बसूनच तपासावा, कारण तळघरात आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत तो दारातच संपतो. हॉटस्पॉट वायफायने देण्याऐवजी फोन केबलने लॅपटॉपला जोडला तर गर्दीचा पट्टा टळतो आणि फोनही चार्ज होत राहतो. व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास किंवा जास्तही डेटा जातो; नुसत्या आवाजाला शंभर एमबीच्या आतच भागते. लॅपटॉपमध्ये ही जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायची, म्हणून नोंदवून ठेवावी, नाहीतर सिस्टीमचे अपडेट आणि क्लाउडचे बॅकअप अर्धा डेटा गुपचूप खाऊन टाकतात.

सुरक्षिततेबद्दल फार घाबरवले जाते आणि तेही चुकीच्या गोष्टींबद्दल. बँक, ईमेल, ऑफिसची कामे आज कूटबद्ध जोडणीवरूनच चालतात. पाळायचे एवढेच: नेटवर्कचे नेमके नाव कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे, विंडोजमध्ये ते सार्वजनिक म्हणून नोंदवावे आणि संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राबद्दल ब्राउझरचा इशारा आला तर पुढे जाऊ नये. डिस्कचे कूटबद्धीकरण चालू असावे. माहिती खरी फुटते ती उघड्या पडद्यावरून आणि मोठ्याने केलेल्या कॉलमधून. पाठीशी भिंत येईल असे बसावे. बाजूने पडदा काळा दिसेल अशी फिल्म लॅपटॉपवर लावली तर शेजारच्याचाही प्रश्न मिटतो. प्रसाधनगृहात जाताना लॅपटॉप बरोबर न्यावा, त्यासाठी टेबल गेले तरी चालेल.

आता वीज. नकाशावर लोकांनी टाकलेल्या फोटोंत भिंतीचा खालचा भाग नीट पाहिला तर सॉकेट कुठे आणि किती आहेत ते आधीच कळते. कॅफेने स्वतः टाकलेल्या फोटोंत ते सहसा दिसत नाहीत. परदेशात प्लगचा अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार तेवढा बदलतो, दाब नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे ना, हे निघण्याआधी बघून घ्यावे. जुन्या सॉकेटमधून जड चार्जर आपल्याच वजनाने निसटतो, म्हणून दीड मीटरची आखूड एक्स्टेन्शन बरोबर असावी. ती वाटेवरून मात्र नेऊ नये, कोणीतरी अडखळून पडते. बसल्या बसल्या चार्जिंगचे चिन्ह आले का ते पाहावे, कारण काही सॉकेट दिव्यांच्या बटणावर असतात आणि काही बंदच असतात. सॉकेटवर पट्टी चिकटवलेली असेल तर तो कॅफेने दिलेला नकार समजावा.

पॉवर बँकेबाबत हिशेब समजून घ्यायला हवा. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास. त्यातले काही उष्णतेत जाऊन लॅपटॉपला साधारण ६० मिळतात, म्हणजे बहुतेक लॅपटॉपांचे एक चार्जिंग. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बँक परवानगीशिवाय नेता येते, तीही हातातल्या सामानात. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. बँकेवरचा वॉटचा आकडाही बघावा. १८ वॉटची बँक फोनला पुरते. लॅपटॉपला ४५ ते ६५ वॉट देणारी यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॉट देण्याची पद्धत) असलेली बँक लागते. केबलही त्याच तोलाची हवी, कारण ६० वॉटच्या वर ५ अँपिअरची खास चिप असलेली केबल नसेल तर चार्जर तेवढी वीज सोडतच नाही. ‘चार्जर ६५चा आहे, तरी बॅटरी उतरतेय’ या तक्रारीमागे कधीकधी केबलही असू शकते.

टेबल ७२ ते ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीची बैठक ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच, हे जमले तर तीन तास बसता येते. सोफ्यासमोरच्या बुटक्या टेबलावर तासाभरात मान आखडते. एका पायाचे गोल टेबल टायपिंग करताना डुलते. खिडकी पाठीशी घेऊ नये, समोरही घेऊ नये. ती डाव्या किंवा उजव्या हाताला असावी.

आवाजाचा अंदाज फोटोवरूनही येतो. फरशी, काच आणि उघडे काँक्रीटचे छत असलेली जागा दिसायला सुरेख असते, पण आवाज भिंतीभिंतींवर आपटत राहतो. मग प्रत्येक जण आपले बोलणे ऐकू जावे म्हणून स्वर चढवतो आणि गोंगाट आपोआप वाढत जातो. एतिएन लोम्बार या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा परिणाम नोंदवला, त्यालाच लोम्बार परिणाम म्हणतात. पुस्तकांची कपाटे, पडदे, गाद्यांच्या खुर्च्या असतील तिथे हे कमी होते. फोनवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपवर ६०-६५ डेसिबलपर्यंत काम होते, ७०च्या वर कॉल करू नये. गोंगाट दाबणारे हेडफोन एसीची घरघर छान घालवतात, शेजारच्या गप्पा तेवढ्या घालवत नाहीत. आणि समोरच्याला आपल्याभोवतीचा गलका ऐकू जातो, त्यावर या हेडफोनांच्या गोंगाट दाबण्याचा काहीच इलाज नाही. तो उपाय माइकचा: माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की आपला आवाज साधारण ६ डेसिबलने वर येतो. लॅपटॉपच्या माइकपेक्षा ओठांजवळचा साधा तारेचा माइक बरा, तो यासाठीच.

शोध घेताना सरासरी गुणांकनावर जाऊ नये, ते खाण्याचे असते. अभिप्राय नव्यातून जुन्याकडे लावून त्यांत ‘लॅपटॉप’, ‘वायफाय’, ‘सॉकेट’ हे शब्द त्या शहराच्या भाषेत शोधावेत. पाहुण्यांपेक्षा तिथलेच लोक जास्त नेमके लिहितात. गर्दीच्या तासांचा आलेख पाहावा. पर्यटकांच्या मुख्य चौकापेक्षा विद्यापीठाच्या आसपासचा भाग चांगला. ओपनस्ट्रीटमॅपवर वायफाय असलेल्या जागांची वेगळी नोंद असते, तीही उपयोगी पडते. दहा मिनिटांच्या चालीवर दुसरा कॅफे आणि एखादे सार्वजनिक वाचनालय हेरून ठेवावे. महत्त्वाची बैठक मात्र मुक्कामाच्या खोलीतूनच करावी, कॅफे एकाग्रतेच्या कामासाठी ठेवावा.

आधी फोन करून विचारण्यात कमीपणा नाही: लॅपटॉप सगळ्या दिवशी चालतो का, किती वेळ, आणि गर्दी कधी. कॅफेचा धंदा खुर्चीवर चालतो, ती दिवसात अनेकदा भरली तरच भाडे निघते. एका कपावर चार तास बसणारा माणूस ती अडवतो. दीड तासाला काहीतरी मागवावे, जेवणाच्या वेळी उठावे, एकट्याने चौघांचे टेबल घेऊ नये आणि कॉल बाहेर जाऊन करावा. हे पाळले जात नाही तिथे मालक वायफाय बंद करतात आणि मग सगळ्यांचीच सोय जाते. यादी छापून आली की गर्दी वाढते, म्हणून कॅफेचा लॅपटॉपबद्दलचा नियम यादीत असणे मालकाच्या दृष्टीनेही न्यायाचे आहे.

आपणांस विनंती अशी, की यापुढे अशी यादी देताना प्रत्येक नावाखाली एक छोटी चौकट द्यावी: गर्दीच्या वेळचा अपलोड वेग, त्या वेळचे पिंग, सॉकेट असलेली टेबले, लॅपटॉपबद्दलचा नियम आणि शांत तास. त्याखाली मोजल्याची तारीख आणि वेळ असावी. राउटर बदलतो, नियम बदलतो, शेजारी बांधकाम सुरू होते; वर्षभरापूर्वीच्या आकड्यावर कोणी तिकीट काढू नये.

आपला नम्र,
एक वाचक