येळवशीच्या रात्री अंगणात

औसा, जि. लातूर
येळवस झाल्यानंतरचा रविवार

प्रिय सखे,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, म्हणून तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. "लेकीच्या अंगावर ओरडले गं, तिनं ताट तसंच सारलं, मी कसली आई," एवढंच तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. तेव्हापासून जिवाला चैन नाही. अंबाजोगाईला डी.एड.ला असताना सुट्टीत आपण एकमेकींना पानंच्या पानं लिहायचो, तसं आज लिहिणार आहे. लेकीचा डबा झाला की निवांत वाच.

आधी माझं सांगते. हे आजवर तुझ्याजवळ बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वीची येळवस, आपली शेतात पूजा-जेवणाची वेळ अमावास्या. आदल्या रात्री आमच्याकडं चूल विझत नाही, तुला माहीतच आहे. तीस माणसांचा स्वयंपाक. आंबिलीचा माठ तयार होता, उंडे वाफवून झाले होते, भज्जीसाठी तुरीचे-वालाचे दाणे आणि ओला हरभरा सोलून बोटं काळी पडली होती. रात्रीचे दोन वाजले असतील. मी ताकात बेसन कालवत होते, आणि एकाएकी छातीतून वर चेहऱ्यापर्यंत वाफ चढली. बाहेर अंगावर दोन पांघरुणं घ्यावीत अशी थंडी, आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ. ब्लाऊज चिंब. काळीज धडधडायला लागलं. तेवढ्यात जाऊबाईंनी साधं विचारलं, "ताई, मीठ घातलंय का?" मी पळी आपटली आणि बोलू नये ते बोलले. सगळं स्वयंपाकघर गप्प झालं.

मी तशीच अंगणात जाऊन तुळशीपाशी बसले. थोड्या वेळानं सासूबाई काठी टेकत आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मलाबी असंच व्हायचं माय. आंगाला वणवा लागल्यावानी. रातच्याला उठून रांजणाला गाल लावून बसायचे. कोणाला सांगावं?" त्या ऐंशीला आल्यात. पस्तीस वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. आम्ही दोघी एका घरात वीस-बावीस वर्षं राहिलो आणि एकमेकींची ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. सखे, मला त्या रात्री रडू आलं ते त्यांच्यासाठी.

त्याआधी सहा महिने माझी पाळी मागंपुढं होत होती. कधी दोन महिने नाही, कधी आली की दहा दिवस थांबायची नाही. मी एका दवाखान्यात गेले तर तिथं पाच मिनिटांत सांगितलं, "लेकरं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." ना रक्त तपासलं, ना धड विचारपूस केली. मी जवळजवळ तयार झाले होते. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई आडवी आली म्हणून वाचले. ती ऊसतोडीला जाते. तिची पिशवी तिशीतच काढली. शाळेच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "बाई, कटकट मिटली नाही, दुसरी सुरू झाली. कंबर गेली, झोप गेली, अन् आंगातून वाफा." तिच्यासारख्या किती आहेत ते 2019 साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात पाहिलं. 82,309 ऊसतोड बायकांमध्ये 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाडा झाला की उचलीतून पैसे कापतात, आणि वर कोणीतरी कर्करोगाची भीती घालतं. बीजकोशही काढले तर पाळी जाण्याची सगळी लक्षणं एका रात्रीत अंगावर येतात. ते ठेवले तरी पुष्कळदा ते लवकर थकतात. खरंच गरज असेल तेव्हा ते ऑपरेशन जीव वाचवतं, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणत्याच बाईनं त्या टेबलावर चढू नये, हे मी आता भेटेल तिला सांगते.

लातूरला ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?" मला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायचं. पण त्याच्या आधीची काही वर्षं खरी ओढाताणीची. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं पाळीचं हार्मोन, हळूहळू ओसरत नाही, झोक्यासारखं वरखाली होतं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा असते, ती त्यामुळं हळवी होते. जरा ऊब वाढली की घाम सुटतो. रात्री तीनदा असं झालं की झोप तुटते, आणि तुटक्या झोपेवर कोणाचंही डोकं ताळ्यावर राहत नाही. मन स्थिर ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनांवरही इस्ट्रोजेनचा हात असतो. म्हणून उगाच भरून येतं, उगाच भीती वाटते.

आणि त्यात ताण. तुला 1993 चा भूकंप आठवतो? 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. किल्लारीपासून आपण तेव्हा लांब होतो, तरी कित्येक रात्री अंगणात झोपलो. पुढं महिनाभर मांजरानं भांडं पाडलं तरी सगळी आळी बाहेर पळायची. धरणी कधीच थांबली होती, पण अंग थांबायला तयार नव्हतं. ताणाचं शरीरात अगदी तसंच होतं. संकटात पळता यावं म्हणून कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, काळीज धावतं, साखर चढते. संकट सरलं की हे उतरायला हवं. पण तुझं संकट सरतं कुठं? लेकीची डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा मे महिन्यात. नांदेडच्या त्या एका खोलीत तू दीड वर्ष तिचं घड्याळ होऊन बसलीस. इकडं गंगाखेडला सासूबाईंचा गुडघा, मालकांची बीपीची गोळी, आणि यंदा पावसानं सोयाबीनचं काय केलं ते वेगळंच. भांडं पडायचं थांबतच नाही, म्हणून तू सारखी दाराकडं धावतेस. लेकीवर ओरडलीस ती त्या धावपळीत. तू वाईट आई असतीस तर घर सोडून त्या खोलीत राहिलीच नसतीस.

आता मी सांगते ते कर, वाद घालू नकोस.

रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-12, आणि बीपी मोजून घे. माझं हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं, आणि मी दोन वर्षं स्वतःला आळशी म्हणत होते! 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त. थायरॉईड बिघडला तरी चिडचिड, धडधड, थकवा असंच दिसतं. तपासल्याशिवाय वयावर ढकलायचं नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा तासातासाला पॅड बदलावा लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

जेवणावर चहा घेतेस तो बंद कर, अन्नातलं लोह अंगाला लागत नाही त्यानं. संध्याकाळनंतरचाही सोड, मला झोपेचा पहिला फरक त्यानंच पडला. आणि ते उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं. देवाला काही वाटणार नाही गं, एखादा कमी कर. भाकरीबरोबर तीळ-कारळाची चटणी, डाळ, पालेभाजी पोटभर खा. इस्ट्रोजेन गेलं की हाडं लवकर झिजतात.

रोज अर्धा तास चाल. लेक क्लासला गेली की निघायचं. मी पहाटे शाळेच्या मैदानाला चकरा मारते, पहिले आठ दिवस लाज वाटली, आता आळीतल्या चौघी सोबत येतात. आणि वाफ चढायला लागली, की खाली बस आणि चार आकड्यांत श्वास घे, सहा आकड्यांत सोड. सोडायचा श्वास लांब ठेवायचा, त्यानं काळजाची धाव कमी होते. दहा वेळा केलंस की फरक कळेल.

हार्मोनच्या गोळ्यांचं विचारलं होतंस. काहींना त्या फार उपयोगी पडतात, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना चालत नाहीत. मेडिकलवाल्याला विचारून आणू नकोस. आणि रात्री कधी जगूच नये असं वाटलं, तर 14416 हा नंबर फिरव. टेली मानस. सरकारचा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी हा नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. मला स्वतःला लावायची वेळ आली नाही, पण घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे तो कशाचा.

मालकांना सांगितलंस का? मी सांगितलं तेव्हा आमचे हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यावर चिडलीस." त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि मी धरून चालले होते की दिसतंय ते कळतही असेल. यंदा येळवशीला उंडे माझ्या पोरानं आणि पुतण्यानं वळले. वेडेवाकडे झाले. सासूबाई शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून प्रत्येकाला सांगत होत्या, हे आमच्या पोरांनी केलेत म्हणून. भज्जी जाऊबाईंच्या हातची. मी रात्री अकराला झोपले.

शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या बसनं मी नांदेडला येतेय, सोमवारची रजा टाकली आहे. कारळाची चटणी आणि तिळाच्या पोळ्या आणते. सोमवारी सकाळी तू काही खाऊ नकोस, उपाशीपोटी रक्त द्यायचंय, मी सोबत येईन. लेकीचा त्या दिवशीचा डबा मी करते, तिला काय आवडतं ते कळव.

तुझीच,
अंबाजोगाईच्या खोलीतली जोडीदारीण