आळ ग्रुपवर, दिलगिरी फोनवर

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डातील बेदाण्याच्या एका अडत दुकानात माझे थोरले बंधू २२ वर्षे दिवाणजी होते. गेल्या हंगामात एके दिवशी गल्ल्याची शिल्लक ३८,५०० रुपयांनी कमी आली. त्याच संध्याकाळी कसलीही चौकशी न करता ‘उद्यापासून येऊ नका’ असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आणि रात्री व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘या माणसाला कामावर ठेवू नये’ या ओळीसह त्यांचा फोटो फिरला. अकराव्या दिवशी कच्च्या वहीच्या पुठ्ठ्यात तासगावच्या एका बागायतदाराला दिलेल्या उचलीची चिठ्ठी सापडली. रक्कम तीच, अक्षर मालकांच्या चिरंजीवांचे. मालकांनी फोन करून ‘झाले गेले विसरा’ म्हटले; ग्रुपवर मात्र आजतागायत अवाक्षर नाही.

संशय आल्यास मालकाने पोलिसांत जावे. सद्भावनेने अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण शेकडो व्यापाऱ्यांपुढे फोटो टाकणे ही तक्रार कशी?

अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात धादांत खोट्या कारणावरून किंवा नैसर्गिक न्याय डावलून घाईने केलेली बडतर्फी बसते. परंतु तक्रार ९० दिवसांत करावी लागते. बदनामीच्या दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद असली, तरी हा गुन्हा अदखलपात्र असल्याने फिर्याद स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे न्यावी लागते. बंधूंना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते चार महिने घराबाहेर पडले नाहीत. भाजीलासुद्धा वहिनीच जात. उशिराचे समाधानकारक कारण दिल्यास न्यायालय तक्रार ऐकून घेऊ शकते असे वकील सांगतात. पण ‘लाजेने घरात बसलो’ हे अर्जात कोणत्या शब्दांत लिहायचे?

कामावरून काढताना कारण लेखी द्यावे, ही शिस्त यार्डातील व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांना लावावी. आणि आमच्या बाबतीत, चिठ्ठी सापडल्याचे मालकांनी त्याच ग्रुपवर, त्याच फोटोखाली, स्वतःच्या नावानिशी लिहावे.

– एक वाचक, सांगली