आर्सेनिक चाचणी संचातील निकृष्ट कापसाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आर्सेनिक चाचणी संचातील लेड ॲसिटेटचा कापूस निकृष्ट असल्याबाबत.

महोदय,

नागपूर येथील आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेने आपल्याकडून घेतलेल्या आर्सेनिक चाचणी संचांबाबत ही तक्रार आहे. देयकाची प्रत व बॅच क्रमांक सोबत जोडला आहे.

जस्त व आम्ल यांच्या अभिक्रियेमुळे नमुन्यातील आर्सेनिकचा आर्सीन वायू होतो आणि तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पाडतो, हे आपणांस सांगायला नको. परंतु नमुन्यात सल्फाइड असल्यास त्याच बाटलीतून हायड्रोजन सल्फाइडही निघतो व कागद काळपटवतो. तो वाटेतच अडवण्यासाठी लेड ॲसिटेट या शिशाच्या क्षारात भिजवलेला हा कापूस असतो; वायू शोषताना तो काळा होत जातो. आपल्या संचातील कापूस नेमका तेच काम करीत नाही.

सीलबंद पाकीट उघडले तेव्हाच कापूस कोरडा ठणठणीत होता. कुजक्या अंड्यांसारखा वास येणाऱ्या एका विहिरीच्या पाण्याची चाचणी घेतल्यावर तो खालून काळा होत जाण्याऐवजी केवळ एका कडेला करडा झाला, आणि कागदावर मात्र गडद डाग उमटला. खात्रीसाठी आम्ही आर्सेनिकविरहित ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित सोडियम सल्फाइड मिसळून पाहिले, तरीही डाग आलाच. त्यानंतर बाकीची रसायने आपलीच ठेवून, दहा टक्के लेड ॲसिटेटच्या द्रावणात भिजवून जेमतेम ओलसर ठेवलेला आमचा कापूस बसवला, तेव्हा कागद पांढराच राहिला. आपले जस्त व आम्ल स्वच्छ आहेत, हेही यातून दिसले, याची नोंद करणे न्यायाचे ठरेल.

आयएस 10500 या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म पातळीवर खोट्या डागामुळे गावाची चांगली विहीर विनाकारण बंद होऊ शकते. सदर विहिरीचा अहवाल आम्ही रोखून धरला असून, ग्रामपंचायतीला विलंबाचे कारण आम्हालाच द्यावे लागत आहे.

माहितीपत्रकात तर ‘कापूस बसवावा’ एवढेच लिहिले आहे. तो किती ओलसर असावा, कधी बदलावा, आणि फार दाबून भरल्यास वायू अडून आर्सेनिकचे प्रमाण कमी दिसते, याचा त्यात उल्लेखही नाही.

तरी या बॅचचे सर्व संच बदलून द्यावेत, नव्या बॅचसोबत सल्फाइड चाचणीचे प्रमाणपत्र पाठवावे, आणि ही बॅच घेतलेल्या इतर प्रयोगशाळांनाही तातडीने कळवावे. तोपर्यंत उर्वरित रक्कम थांबवण्यात आली आहे.

आपला विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख