गोपनीय कागद समितीपासूनही लपवायचा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिककरांना गोपनीयतेचं महत्त्व सांगावं लागत नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, ओझरला सुखोईची बांधणी होते, देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं. प्रश्न एवढाच, की अशा कामांच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या खासदारांच्या संसदीय समितीलाही कागद दाखवायचा नाही का?

लोकसभेच्या नियम 270 नुसार समिती साक्षीदार बोलावू शकते, कागदपत्रं मागवू शकते. कागद विषयाशी संबंधित आहे की नाही, असा वाद झाला तर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. मात्र या नियमाचं दुसरं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, पाहा. देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल, असं सांगून सरकार कागद नाकारू शकतं, आणि इथे अध्यक्षांचा उल्लेखच नाही. ‘सुरक्षितता’ समजते, ‘हित’ हा शब्द मात्र इतका ऐसपैस की अडचणीची कुठलीही फाइल त्यात मावते. तपासणी ज्याची व्हायची, नकारही तोच देणार! न्यायालयात निदान न्यायाधीश असा दावा पारखतात. राफेलच्या कागदपत्रांवरचा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी फेटाळला होता.

माहिती फुटेल, ही भीती दाखवली जाते. पण समितीच्या बैठका बंद दाराआडच होतात आणि अहवाल पटलावर येईपर्यंत साक्षीही गोपनीय असतात.

अफगाणिस्तानात कॅनडाच्या सैन्याने पकडलेल्या कैद्यांची कागदपत्रं तिथल्या सरकारने संसदेपासून अडवली, तेव्हा 27 एप्रिल 2010 रोजी सभापती पीटर मिलिकन यांनी ती मागण्याचा सभागृहाचा हक्क मान्य केला. पुढे गुप्ततेची शपथ घेतलेल्या मोजक्या खासदारांनी मूळ पानं वाचली. त्यातलं काय प्रसिद्ध करायचं, हे ठरवायला तीन निवृत्त न्यायाधीश नेमले. यात वर्ष गेलं, एक पक्ष बाहेर राहिला, तरी जून 2011 मध्ये सुमारे 4,000 पानं खुली झाली.

आपल्याकडे परंतुकात एवढी दुरुस्ती हवी: नकार मंत्र्यांच्या सहीने, प्रत्येक कागदाचं वेगळं कारण देऊन लेखी यावा, मूळ प्रत सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडे जावी, नावं, ठिकाणं झाकून उरलेला मजकूर समितीला दाखवता येईल का, हे त्यांनी ठरवावं. अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचेच असतात, ही शंका रास्त आहे, म्हणून त्यांचा निर्णय कारणांसह पटलावर ठेवणं बंधनकारक हवं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. अनुच्छेद 118 नुसार सभागृह आपले नियम स्वतः करतं आणि बदल अध्यक्षांच्याच नेतृत्वाखालील 15 सदस्यांच्या नियम समितीमार्फत होतात. नाशिकच्या, तसंच ओझर ज्यांच्या मतदारसंघात येतं त्या दिंडोरीच्या खासदारांनी या समितीला लेखी प्रस्ताव पाठवावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिकरोड