दहावी पास झाला की कायद्याचं संरक्षण संपतं : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स.न.वि.वि.

परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या 1983 च्या एमिग्रेशन ॲक्टची जागा घेणाऱ्या ओव्हरसीज मोबिलिटी विधेयकाचा मसुदा आपल्या मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला. याआधी 2019 आणि 2021 मध्येही मसुदे आले, पण ते कायद्यापर्यंत पोचले नाहीत. आखातात सुमारे 90 लाख भारतीय आहेत. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांचा संसार तिकडून येणाऱ्या पैशावर चालतो. त्यामुळे या कायद्याच्या शब्दाशब्दाचा परिणाम खेड-दापोलीच्या घरांत दिसतो. आम्ही आखाती नोकरदारांची प्रकरणं हाताळतो, म्हणून काही मुद्दे थेट मांडत आहोत.

आजचा कायदा कोणाला लागू होतो, इथूनच घोळ सुरू होतो. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे तपासणी आवश्यक) शेरा आहे आणि जो ठरलेल्या 18 देशांपैकी एखाद्या देशात नोकरीच्या व्हिसावर निघाला आहे, त्यालाच सर्वसाधारणपणे एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची सरकारी परवानगी, लागतो. क्लिअरन्स म्हटला की सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालकाची नोंद, करार, परवानाधारक एजंट आणि प्रवासी भारतीय बीमा योजना हे सगळं ओघाने आलं. पण दहावी पास झाल्यावर हा शेरा लागत नाही. मग तोच मुलगा, तोच कफील (तिकडचा मालक), तीच साइट; तरी त्याचा करार आपल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात नाही आणि विमाही सक्तीचा नाही. दहावीची रेषा आखली तेव्हा ती कदाचित शहाणपणाची असेल. आज गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून जाणारी बहुतेक पोरं दहावी-बारावी झालेली असतात, आयटीआय केलेली असतात. शिकल्याबद्दल ही शिक्षाच म्हणायची. 2015 मध्ये सरकारने ईसीआर देशांत जाणाऱ्या परिचारिकांना, पासपोर्ट कोणताही असो, क्लिअरन्स बंधनकारक केला. म्हणजे मनात आणलं तर ही रेषा हलवता येते.

दुसरी पळवाट म्हणजे व्हिजिट व्हिसा. ‘आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे पोचलास की चेंज करून देतो’ हे वाक्य एजंटांच्या तोंडी इतकं रुळलंय की मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवून मुलगा मुंबई विमानतळावरून पर्यटक म्हणून बाहेर पडतो. पुढे कंपनीने व्हिसा बदलून दिला नाही, तर मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचा दंड त्याच्याच डोक्यावर, आणि कामगार न्यायालयात दाखवायला करार नाही.

याच वाटेने आता सायबर गुलामगिरीचा धंदा चालतो. थायलंड 18 देशांच्या यादीत आहे, पण तिथे भारतीय पर्यटकाला व्हिसा लागत नाही. बँकॉकला उतरवायचं, माए सोतवरून नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि फसवणुकीच्या कॉल सेंटरमध्ये बसवायचं. म्यानमार, कंबोडिया, लाओस यादीतच नाहीत. अडकणारी मुलं पदवीधर, इंग्रजी बोलणारी, संगणक येणारी. ईसीआरशी त्यांचा संबंधच नाही. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी 549 जणांना परत आणलं, त्याबद्दल आभार. पण कायदा देशांच्या यादीवर आणि शालेय दाखल्यावर बेतलेला असेल तोवर विमानं पाठवतच राहावी लागतील.

आता पैशाचं. परवानाधारक एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेऊ शकतो. प्रत्यक्षात बेकायदा एजंट 2 ते 5 लाख उकळतात, हे आपल्याच मंत्रालयाने 2023 च्या सूचनेत म्हटलं आहे. पद्धत ठरलेली असते. पावती झालीच तर 35,400 ची, आणि वरचे ‘व्हिसाचे पैसे’ गावातल्या सब-एजंटच्या हातात रोख. सब-एजंट कायद्याने बेकायदा, त्यामुळे तो कागदावर कुठेच नसतो. दीड लाख शेकडा तीनने उचलले तर महिन्याचं नुसतं व्याज 4,500 रुपये. हजार दिरहॅम, म्हणजे साधारण 24-25 हजार रुपये पगार ठरलेला असेल आणि तिकडे गेल्यावर आठशेच हातात पडले, तरी हा मुलगा नोकरी सोडून येऊ शकत नाही. पासपोर्ट मालकाकडे असतोच. पण त्याला खरं बांधून ठेवतं ते गावचं कर्ज. मालकाने सौदीत ‘हुरूब’ लावला, म्हणजे पळून गेल्याची तक्रार नोंदवली, की इकामाही (राहण्याचा परवाना) गेला आणि दाद मागायची वाटही अरुंद झाली.

इथे आमची मुख्य मागणी येते. नव्या कायद्यात एजंटला मालकाबरोबर संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार धरा. फिलिपिन्सने हे 1995 च्या प्रजासत्ताक कायदा 8042 मध्ये केलं. तिथला कामगार थकलेल्या पगारासाठी रियाधच्या कोर्टात हेलपाटे घालत नाही, मनिलात एजन्सीवरच दावा लावतो. मालक पळाला तरी एजन्सी सुटत नाही. 2010 च्या दुरुस्तीने एजन्सीमार्फत जाणाऱ्याचा विमाही एजन्सीच्या खर्चाने सक्तीचा केला: अपघाती मृत्यूला किमान 15,000 डॉलर, नैसर्गिक मृत्यूला 10,000, कायमच्या अपंगत्वाला 7,500. आपल्याकडे मोठ्या एजंटची 50 लाखांची बँक गॅरंटी सरकारकडे असते. ती वसूल करून कामगाराला भरपाई देण्याची मुदतबद्ध आणि सोपी पद्धत विधेयकात लिहा, म्हणजे एजंट करार करण्याआधी मालकाची चौकशी स्वतःहून करेल.

फिलिपिन्सचा तो नैसर्गिक मृत्यूचा आकडा पुन्हा पाहावा. आपली बीमा योजना स्वस्त आहे: दोन वर्षांना 275, तीन वर्षांना 375 रुपये. दहा लाख मिळतात ते अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. पण जुलैच्या उन्हात मचाणावर काम केलेला पस्तिशीचा माणूस रात्री खोलीत झोपेत जातो आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून, नैसर्गिक’ असं येतं. उष्माघाताची तपासणी होत नाही, शवविच्छेदन क्वचितच होतं, आणि घरच्यांचा दहा लाखांचा दावा तिथेच संपतो. नैसर्गिक मृत्यूलाही ठरावीक रक्कम द्या. आणि आपल्या दूतावासांनी तरुण कामगाराच्या मृत्यूत वैद्यकीय कारण लेखी मागावं.

थकलेल्या पगाराचा दावा परत आल्यावर चालवणं किती जिकिरीचं आहे, त्याचा तपशील मंत्रालयाला अपरिचित नसेल, पण विधेयक लिहिणाऱ्यांनी तो समोर ठेवावा. तिकडे असतानाच कामगाराने भारतीय दूतावासात, मागे दावा चालवण्यासाठीचं मुखत्यारपत्र साक्षांकित केलं तर काम एका फेरीत होतं. न करता तो परत आला, की आधी नोटरी, मग राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या दूतावासाचा. संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार हे अपोस्टिल करारात (ज्यात एकाच शिक्क्यावर कागद परदेशात चालतो) नाहीत, म्हणून ही साखळी टळत नाही. त्यावर अरबी भाषांतर. एवढ्यात मुदत संपते: कुवेत आणि कतारमध्ये करार संपल्यापासून साधारण एक वर्ष, अमिरातीत 2024 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं. 2020 च्या टाळेबंदीत वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी परतलेल्या कित्येकांचे पगार आणि ग्रॅच्युइटी अशीच बुडाली. परत निघणाऱ्या प्रत्येकाला दूतावासाने विनाशुल्क मुखत्यारपत्राचा छापील नमुना द्यावा. इतकं केलं तरी मोठा फरक पडेल.

किमान संदर्भ वेतनही, म्हणजे परदेशी नोकरीच्या करारासाठी सरकारने ठरवलेला किमान पगारही, कायद्यात हवा. सप्टेंबर 2020 मध्ये केवळ दोन परिपत्रकांनी आखाती देशांसाठीचं हे वेतन 30 ते 50 टक्के खाली आणलं गेलं. कतार, ओमान, बहरीन, अमिरातीसाठी ते 200 डॉलरवर आलं. प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयात गेलं आणि 2021 च्या जुलैत परिपत्रकं मागे घेतली गेली. दरम्यान ज्यांचे करार त्या दराने झाले, त्यांचं काय? लाखो लोकांचा पगार ठरवणारी गोष्ट एका सहीने बदलता येऊ नये. दर बदलायचा तर तो संसदेसमोर ठेवावा, आणि चालू करारांना तो लागू नसावा.

शेवटची गोष्ट विधेयकाची वाट न पाहता होण्यासारखी आहे. 1983 च्या कायद्याच्या कलम 27 नुसार खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे जोडलेल्या अपवादात, म्हटलं आहे की स्वतः कामगाराने, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांनी तक्रार केली तर ही परवानगी लागत नाही. पोलीस ठाण्यांत पहिला अर्धा भाग माहीत असतो, दुसरा नसतो. ‘दिल्लीची परवानगी आणा’ म्हणून बायका परत पाठवल्या जातात, किंवा नुसता फसवणुकीचा गुन्हा नोंदवून प्रकरण दोघांतल्या पैशाच्या भांडणासारखं हाताळलं जातं. शिवाय शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड, दोन हजार! हा दंड वाढवायला कायदाच बदलावा लागेल. पण परंतुकाचं एक पानी परिपत्रक आपण राज्याच्या गृह विभागामार्फत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, ठाणे आणि मुंबईच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला मराठीत पाठवू शकता. त्यावर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनातील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी जाणाऱ्या कामगारांचे संरक्षण अधिकारी) कार्यालयाचा पत्ता आणि परवानाधारक एजंट ई-मायग्रेटवर कसा शोधायचा, तेही छापा. आणि हे परंतुक नव्या विधेयकातून वगळलं जाणार नाही, एवढं लेखी आश्वासन आम्हाला द्या.

कळावे,
आखाती नोकरदारांची प्रकरणं हाताळणारे काही वकील व कार्यकर्ते
रत्नागिरी – मुंबई