मोडीच्या लिंका उघड्यावर ठेवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये ठिकठिकाणची जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणारी माणसं किती कमी उरली आहेत, ते सगळ्यांना कळलं. तेव्हापासून आमच्या भागात मोडी शिकणारे वाढलेत. मला त्याचं फार समाधान वाटतं. गेल्या महिन्यात अशाच एका वर्गाला शिकवायला गेले होते. एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, तो सुहूर सनाचा तक्ता ग्रुपवर कुणी टाकला होता?’’ जुन्या मोडी कागदांवर साल याच सनात असतं आणि ते इसवी सनात बदलायला तो तक्ता लागतो. वीसेक जण मोबाइल काढून अंगठ्याने मागचे निरोप चाळायला लागले. लग्नाच्या पत्रिका, सुप्रभात, वाढदिवस सगळं वर आलं. तक्ता काही मिळाला नाही. पत्र लिहायला बसले ते त्यामुळे.

2008 मध्ये सासऱ्यांच्या माघारी आम्ही माळा आवरला, तेव्हा पत्र्याच्या पेटीत कागदांचे दोन रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, निघाले. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते, पण मोडी बाराखडीपलीकडे येत नव्हती. पहिलाच कागद मळ्याच्या गहाणखताचा. कारकुनाने आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या आणि त्यांच्याखाली बोरू न उचलता लिहीत गेलेला. शब्द कुठे तुटतो ते कळेना, ऱ्हस्व-दीर्घ तर मोडीत बघायचंच नाही. पंधरा दिवस रोज रात्री भिंग घेऊन बसल्यावर तारखेची ओळ लागली: ‘छ 11 रबिलाखर’, पुढे ‘अर्बा अशरीन मयातैन व अलफ’. पण तिचा अर्थ काय, आणि आरंभी तो सुटा ‘छ’ कशाचा?

माझ्या भाच्याने तेव्हा मला ‘डिलिशस’वर खातं काढून दिलं होतं. जोशुआ शाक्टर यांनी 2003 मध्ये सुरू केलेली ही सोय. इंटरनेटवर जे उपयोगाचं दिसेल त्याची लिंक तिथे साठवायची, तिला आपल्याला सुचतील ते टॅग, म्हणजे ओळखीचे शब्द, लावायचे आणि हवी तर खाली टीप लिहायची. खरी मोलाची गोष्ट पुढे होती. ती लिंक आणखी किती जणांनी साठवली आहे, ते शेजारी आकड्यात दिसायचं. त्या आकड्यावर टिचकी मारली की ती माणसं, त्यांचे टॅग आणि त्यांनी साठवलेलं बाकीचं सगळं समोर यायचं.

रोमन अक्षरांत ‘मोडी’ असा टॅग शोधला तर गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या बातम्यांचा ढीग यायचा, कारण रोमन लिपीत दोन्ही शब्द सारखेच. टॅगमध्ये मोकळी जागा सोडली की त्याचे दोन टॅग व्हायचे. म्हणून कुणी ‘मोडीलिपी’ जोडून लिहायचं, कुणी मध्ये रेघ द्यायचं. मी सगळे प्रकार लावून पाहिले. मोडीच्या एका पानावर सात जणांची नोंद होती. त्यातल्या एकाच्या यादीत ‘मोडीलिपी’च्या शेजारी ‘तंजावूर’ हा टॅग होता. मी ती यादी उघडली आणि मध्यरात्र कधी झाली ते कळलं नाही. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मराठी कागदांची माहिती, तिथल्याच बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा भोसले वंशाचा 1803 चा मराठी शिलालेख, हिजरी तारखा बदलण्याची कोष्टकं. मला जे हवं होतं ते हा माणूस माझ्या आधी शोधून बसला होता.

लिंकेला ‘फॉर’ आणि पुढे त्या व्यक्तीचं खात्यावरचं नाव असा टॅग लावला की ती लिंक तिच्यापर्यंत जायची. मी माझ्या कागदाचा फोटो तसा पाठवला आणि टिपेत ‘छ’बद्दल विचारलं. चौथ्या दिवशी माझ्या नावाने एक लिंक आली. टीप अशी: ‘छ म्हणजे चंद्र. अर्बा चार, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. वर्ष मृगापासून धरा.’ सुहूर 1224. इसवी सन काढायला मृग (जूनचा आरंभ) ते डिसेंबर असेल तर 599 मिळवायचे, पुढच्या महिन्यांना 600. रबिलाखर हा हिजरी महिना त्या साली डिसेंबरात आला होता, म्हणजे आमच्या मळ्याचं गहाणखत डिसेंबर 1823 चं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी कागदाला हात लावून नमस्कार केला.

हे गृहस्थ तंजावूरच्या मराठी घरातले, राहायला चेन्नईला. त्यांचं मराठी आपल्या कानाला वेगळं लागतं, पण मोडीचं अक्षर दोघांचं एकच. 2014 मध्ये ते मिरजेला आमच्याकडे राहून गेले. आमची ओळख व्हायला फोन नंबर लागला नाही की मधला माणूस. दोघांनी साठवलेलं उघड्यावर होतं, एवढंच पुरलं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हे होत नाही. तिथे आत असलेल्यालाच दिसतं आणि आलेलं आठवड्यात खाली गाडलं जातं. शिवाय फॉरवर्ड आलेला तक्ता कुणी, कशासाठी जपला होता, हे कळायला मार्ग नसतो.

डिलिशस याहूने 2005 मध्ये घेतलं, 2011 मध्ये विकलं, आणि 2017 मध्ये ‘पिनबोर्ड’ या तशाच दुसऱ्या सोयीने ते 35,000 डॉलरला घेऊन नवीन साठवणं थांबवलं. लिंका साठवायचं मोझिलाचं ‘पॉकेट’ही जुलै 2025 मध्ये बंद झालं. म्हणून वर्गातल्या मुलांना मी आधी हेच सांगते की साठवलेल्याची फाइल अधूनमधून स्वतःकडे उतरवून घ्या. माझ्या जुन्या फाइलमध्ये 412 लिंका आहेत आणि निम्म्याहून जास्त आता उघडत नाहीत. त्यांचे पत्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, घालून पाहिले, तर बरीच पानं तिथे जशीच्या तशी निघाली.

मोडीच्या वर्गांना आणि तालुक्यांच्या वाचनालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्याकडच्या लिंकांची एक उघडी यादी ठेवा. रेनड्रॉप, पिनबोर्ड, डिगो अशा लिंका साठवायच्या सोयींपैकी जे जमेल त्यावर ठेवा. लिंकेखाली ती का जपली ते दोन ओळींत लिहा. टॅग देवनागरीत लावा, ‘मोडीलिपी’ असा जोडून, आणि सोबत आपल्या गावाचं नाव: वाई, पैठण, बडोदे, तंजावूर. कुठल्या गावचे कागद कोण वाचतंय हे त्या दुसऱ्या टॅगवरून कळतं.

माझी यादी मी पुन्हा उघडी केली आहे. दुसऱ्या रुमालातल्या एका पावतीवर धान्याच्या मापाचा संक्षेप आहे, तो मला अजून लागलेला नाही. फोटोसकट तो ‘मोडीलिपी’ आणि ‘मिरज’ या दोन टॅगांखाली ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, मिरज