कौलं राहू दे

नाशिक,
फाल्गुन वद्य अष्टमी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शनिवार-रविवार आम्ही दोघं गंगापूर धरणाकडच्या घरी राहून आलो. "कौलं काढून पत्रा टाका, बाबांची चढउतर थांबेल," असं तू म्हणाला होतास. काम करता करता त्यावर आमचं पुष्कळ बोलणं झालं. कौलं काढायची नाहीत असं ठरलं आहे. का, ते नीट लिहिते.

मागच्या बाजूची बरीच कौलं वानरांनी फोडली होती. गावातले कौलं शाकारणारे दादा आले. ते वर, बाबा शिडीवर आणि मी खालून एकेक कौल हातात देत होते. मंगलोरी कौलाच्या पाठीला आकडी असते, ती रिपेवर, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीवर, अडकते. वरच्या ओळीतलं कौल जरा उचललं की खालचं फुटकं काढून नवं सरकवता येतं. एक फुटलं तर एकच बदलायचं; बाकीच्या छपराला हात लावावा लागत नाही. पत्र्याचं तसं नसतं. तो गंजला की अख्खाच काढायचा, आणि वैशाखात भर दुपारी त्याच्याखाली कोण बसेल? आपल्या माजघरात पंखा नसतानाही डोळा लागतो, तो कौलांमुळे. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला 1865 मध्ये. इतकी वर्षं ही कौलं लोकांनी घरांवर ठेवली, ती उगीच नाही.

खरी काळजी कौलांची नाही, लाकडाची आहे. स्वयंपाकघरावरच्या रिपांवर बाबांनी पेचकसाची मूठ आपटली तर पोकळ आवाज आला. वाळवी. त्या रिपा काढल्या. वासे मात्र सागाचे आहेत, ठणठणीत आहेत. दाराला आणि ओट्यावरच्या खांबांना जवसाचं तेल चोळलं. तेलाची फडकी आणि डबे मी पिशवीत भरून घरी आणले. तिथे पाण्यावर काही धुवायचं नाही, हे मुलांनाही सांगून ठेव. नाशिकच्या नळाला तेच पाणी येतं.

विहिरीवरची मोटार नुसती हवा ओढत होती. फुटवॉलच्या झडपेत खडा अडकला होता, त्यामुळे पाइपातलं पाणी उतरून जायचं. झडप साफ केली, वायसर बदलला, पाइपात पाणी भरलं आणि मोटार चालू झाली. हे काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही.

धरणाचं पाणी बरंच मागे सरलंय. उघड्या पडलेल्या जमिनीत लोकांनी गाळपेर केली आहे, भाजीपाला हिरवागार दिसतो. संध्याकाळी काम आटोपून आम्ही काठावर जाऊन बसलो. चक्रवाकांची एक जोडी अजून होती. आता तीही उत्तरेकडे जाईल. लहानपणी नांदूर मध्यमेश्वरला तू दुर्बीण सोडत नव्हतास, त्याची बाबांना आठवण झाली. (त्या जागेला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रात पहिल्यांदा.) रात्री चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत केलं, भाकऱ्या केल्या, गिरणाऱ्याहून आणलेली द्राक्षं खाल्ली. इतकं निवांत आम्ही दोघं बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

पण शिडी उतरताना बाबांचा गुडघा थरथरत होता, तो मी पाहिला. तुझी काळजी खरी आहे, बाळा. म्हणूनच पुढची बाजू मी तशीच ठेवायला लावली आहे. ती तू शाकारायची. बाबा खाली उभे राहून सांगतील, दादा वर सोबत असतील. एकदा हाताला सवय झाली की अवघड नाही. पाऊस मृगाच्या आधीही गाठू शकतो, तेव्हा वैशाख संपायच्या आत ये. मुलांनाही आण.

तारीख लवकर कळव, म्हणजे दादांना तसं सांगते आणि रिपांचं लाकूड आणून ठेवते.

तुझी,
आई